सिकलसेल रुग्णांतील मूत्रपिंड-निरीक्षण
सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारात मूत्रपिंडांची हानी लक्षणे दिसण्याआधी हेरण्यासाठी लघवी, रक्त व रक्तदाब यांची ठरावीक काळाने केलेली तपासणी. जगाच्या पुष्कळ भागांत विरळा असलेला हा विकार विदर्भात नित्याचा आहे. भारतात त्याची नोंद 1952 मध्ये निलगिरीतील आदिवासींत झाली. मध्य भारतातील वाहकांविषयी (सदोष जनुकाची एकच प्रत असलेल्या, सहसा आजारी नसलेल्या व्यक्तींविषयी) शुक्ला व सोलंकी यांचे टिपण 1958 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले.

जनुकदोषाच्या उगमाविषयी मतभेद आहेत. 1986 च्या हॅप्लोटाइप-अभ्यासाने (हॅप्लोटाइप म्हणजे एकत्र वारशाने येणारा जनुकीय खुणांचा संच) आशियात स्वतंत्र उगम सुचवला. 2018 च्या जनुकक्रम-विश्लेषणाने मात्र सुमारे 7,300 वर्षांपूर्वीचा एकच आफ्रिकी उगम मांडला. परंतु त्याची भिस्त मुख्यतः आफ्रिकी नमुन्यांवर असल्याने भारतापुरते जुने मत अद्याप टाकून देता येत नाही. अरब-भारतीय हॅप्लोटाइपात गर्भ-हीमोग्लोबिन (गर्भावस्थेतील हीमोग्लोबिन, जे पेशी विळ्यासारख्या होण्यास अटकाव करते) अधिक असते, म्हणून येथील आजार सौम्य, असे पूर्वी धरले जाई. नागपुरातील बालरुग्णांवरील निरीक्षणे या समजुतीला फारशी पुष्टी देत नाहीत. मूत्रपिंडांबाबतही सौम्यता गृहीत न धरणे बरे.

मूत्रपिंडाच्या आतल्या गाभ्यात ऑक्सिजन कमी व क्षार दाट असल्याने तांबड्या पेशी तेथे सहज विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. लघवी दाट करण्याची क्षमता बालपणीच घटते. मोठे मूल अंथरूण ओले करते, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांपुढे जातो, तेव्हा याला विशेष महत्त्व येते. लघवी पाण्यासारखी स्वच्छ आहे म्हणून शरीरात पाणी पुरेसे आहे, असे अशा रुग्णात म्हणता येत नाही.

क्रिॲटिनीन या स्नायूंतून येणाऱ्या व मूत्रपिंडांवाटे बाहेर पडणाऱ्या द्रव्याची नेहमीची रक्तचाचणी येथे फसवते. सुरुवातीला गाळण्याचा वेग वाढलेला असतो, नलिकांतून क्रिॲटिनीन जास्त बाहेर टाकले जाते आणि अंगावर मांस कमी असते. त्यामुळे हानी सुरू होऊनही आकडा छापील मर्यादेत राहतो. म्हणून वयाच्या दहाव्या वर्षापासून दरवर्षी लघवीतील प्रथिने (मुख्यतः अल्ब्युमिन) तपासावीत, असे 2014 च्या अमेरिकी मार्गदर्शिकेत सुचवले आहे. सकाळची पहिली लघवी घेतात. ताप किंवा वेदनेचा झटका असताना नमुना घेत नाहीत. अल्ब्युमिन-क्रिॲटिनीन गुणोत्तर ग्रॅममागे 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त आल्यास चाचणी पुन्हा करून खात्री करतात.

लघवीत अल्ब्युमिन टिकून राहिल्यास एसीई-रोधक (रक्तदाब व मूत्रपिंडावरील ताण कमी करणारी) औषधे देतात व रक्तातील पोटॅशियमवर लक्ष ठेवतात. हायड्रॉक्सीयुरिया या गर्भ-हीमोग्लोबिन वाढवणाऱ्या औषधाचा उपयोग होतो, असे काही अभ्यास सांगतात. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या दुखण्याच्या गोळ्या शक्यतो टाळतात. सांधे ठणकत असताना हे पाळणे अवघड जाते.

वाहकांना सहसा अशा नियमित तपासणीची गरज नसते. मात्र त्यांच्या लघवीतून रक्त गेल्यास, मूत्रपिंडाच्या गाभ्याच्या अत्यंत दुर्मीळ कर्करोगाची शक्यता लक्षात घेऊन सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन करावे लागते.