सुकुमा विकी

सुकुमा विकी ही पूर्व आफ्रिकेतील, मुख्यतः केनियातील, रोजच्या जेवणातली परतलेली पालेभाजी. ज्या पाल्याची ती करतात त्यालाही हेच नाव आहे; बाजारात नुसते ‘सुकुमा’ म्हटले तरी भागते. स्वाहिलीत ‘सुकुमा’ म्हणजे ढकलणे आणि ‘विकी’ म्हणजे आठवडा. मांसमच्छी परवडत नाही अशा दिवसांत, पगार हाती येईपर्यंत घराला आठवडा ढकलायला मदत करणारी भाजी, असा या नावाचा अर्थ. तेवढ्यावरून तिला गरिबाघरची भाजी ठरवणे मात्र चुकीचे आहे. न्यामा चोमा, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेले मांस, मागवले तरी शेजारी सुकुमा हवीच असते.

हा पाला ब्रासिका ओलेरेसिया या जातीचा. कोबी, फ्लॉवर आणि नवलकोल ही याच जातीची रूपे, पण सुकुमाला गड्डा धरत नाही. काश्मिरातला ‘हाक’ हा पालाही याच गटातला. ही वनस्पती मूळची युरोपाकडची. वसाहतकाळात ती केनियात रुजली. खालची पाने तोडत जायची आणि शेंडा राखायचा, की एकच झाड महिनोन्महिने पाला देत राहते. म्हणून जागा नसलेल्या घरांनाही ती परवडते. नैरोबीच्या किबेरा वस्तीत माती भरलेल्या पोत्यांना बाजूने भोके पाडून त्यांत सुकुमाची रोपे लावतात.

या भाजीचे खरे कसब चिरण्यात आहे. पानांच्या जाड शिरा काढून पाने एकावर एक रचतात, घट्ट गुंडाळी करतात आणि दोऱ्यासारखी बारीक चिरतात. रस्त्याकडेला भाजी विकणाऱ्या बाईला केनियात ‘मामा म्बोगा’ म्हणतात. गिऱ्हाइकाने सांगितले तर ती पानांची गुंडाळी मुठीत धरून, पाटाशिवाय, हातातल्या हातात चिरून देते. पाला आधी धुवावा आणि मग चिरावा. चिरलेला पाला धुतला तर क जीवनसत्त्व पाण्याबरोबर वाहून जाते. बारीक चिरण्याला जेवणातले कारणही आहे. सुकुमा खातात ती उगालीबरोबर. उगाली म्हणजे मक्याचे पीठ उकळत्या पाण्यात घोटून केलेला घट्ट गोळा. त्याचा लहान तुकडा तोडून उजव्या हाताने वळतात, अंगठ्याने त्यात खळगा पाडतात आणि त्या खळग्याने भाजी उचलतात. जाड चिरलेला पाला त्यात नीट बसत नाही, आणि दाताखाली चिवटही लागतो.

शिजवायला फार काही लागत नाही. सुफुरियात, म्हणजे बिनकानाच्या अॅल्युमिनियमच्या पातेल्यात, तेल तापवून चिरलेला कांदा मऊ होईपर्यंत परतायचा. मग टोमॅटो घालून तो विरघळू द्यायचा. त्यावर पाला आणि मीठ घालून मोठ्या आचेवर हलवायचे. कोवळा पाला पाच मिनिटांत होतो, जून पाल्याला पाण्याचा एक हबका आणि थोडा जास्त वेळ लागतो. हिरवा रंग टिकला पाहिजे. झाकण ठेवून फार वेळ शिजवले तर पाला काळपट पडतो आणि कोबीसारखा उग्र वास येतो. मोहरी-जिऱ्याची फोडणी यात नसते, आणि आपल्या सवयीने ती घालण्याचा मोह आवरावा. कांदा-टोमॅटोच्या आंबटगोड रसात पाल्याचा किंचित कडवटपणा उठून दिसावा, हीच तिची चव. उरलेले मांस किंवा अंडी असली तर तीही काहीजण तिच्यात परततात.

सुकुमा सगळीकडे मिळू लागल्यावर तिच्याआधीच्या भाज्या मागे पडल्या. त्यांना केनियात ‘म्बोगा झा किएन्येजी’, म्हणजे गावठी भाज्या म्हणतात: मनागू (कामोणीच्या कुळातली), तेरेरे (माठ), सागा (तिळवण), कुंदे (चवळीच्या वेलाचा पाला) आणि बुळबुळीत म्रेंदा (ज्यूटचा पाला). यातल्या काही कडू. म्हणून पश्चिम केनियात त्या दुधात मुरवतात, आणि तिथले लुह्या लोक पाला लवकर मऊ व्हावा म्हणून राखेतून गाळलेले खारट पाणी घालतात. टांझानियाच्या किनाऱ्यावर माठ नारळाच्या दुधात शिजवतात. त्याला ‘म्चिचा वा नाझी’ म्हणतात. हल्ली नैरोबीच्या बाजारांत आणि खानावळींत या गावठी भाज्यांना पुन्हा मागणी आहे, आणि ती रास्त आहे. कॅल्शियमच्या बाबतीत मात्र सुकुमा सरस: माठात ऑक्झलेट, म्हणजे कॅल्शियमला बांधून ठेवणारे द्रव्य, भरपूर असल्याने त्यातले कॅल्शियम शरीराला फारसे मिळत नाही. सुकुमात ऑक्झलेट कमी असल्याने ते मिळते. शिवाय सुकुमाची सवय लागलेल्या जिभेला कडू पाला पुन्हा शिकवावा लागतो.

महाराष्ट्रात सुकुमाचा पाला सहसा मिळत नाही. नवलकोल घेताना भाजीवाला जी कोवळी पाने तोडून टाकतो, ती मागून घ्यावीत. ती बारीक चिरून याच पद्धतीने केली तर चव बरीच जवळ जाते; पाने जून असतील तर मधली शीर काढायला विसरू नये.