तांत्रिक भाषा आणि तंत्रज्ञाची भाषा

विज्ञानकथेतला निवेदक खरा वाटायचा तर भाषा तांत्रिक हवी, असं कुणीतरी कधीतरी सांगून ठेवलंय. तेव्हापासून जो तो यानाला क्वांटम, प्लाझ्मा आणि फ्लक्सची फोडणी देत सुटलाय. ही तांत्रिक भाषा. मांत्रिकाच्या शेजारी बसतो तो तांत्रिक आठवा, म्हणजे तिच्याबद्दल आणखी सांगायला नको. हवी असते ती तंत्रज्ञाची भाषा.

कृष्णविवर म्हणावं की ब्लॅकहोल, या वादाचा मला कंटाळा आहे. शब्द उलगडून सांगावा का, हाही किरकोळ प्रश्न. मंगळावरच्या दिवसाला तिथल्या मोहिमांवरची माणसं ‘सोल’ म्हणतात. निवेदकाने तो शब्द नुसता वापरला तरी दोन परिच्छेदांत वाचकाला कळतं. उलट ‘तुला माहीतच आहे, की...’ म्हणून एक शास्त्रज्ञ दुसऱ्याची शिकवणी घ्यायला लागला की मी पुस्तक मिटतो.

खरी गफलत वेगळीच आहे. तांत्रिक बोलणारा थेट कारण सांगतो. तंत्रज्ञ आधी काटा काय दाखवतोय ते सांगतो.

परवा आमच्या इमारतीतले दिवे मधेच भगभगायला लागले. वायरमनने सॉकेटमध्ये टेस्टर घातला, आधी एका भोकात, मग दुसऱ्या. “दोन्हीकडे पेटतोय. फ्रिजची पिन काढा आधी!” न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, सुटल्याचं त्याने नंतर सांगितलं, चहा घेताना.

चंद्राकडे निघालेल्या अपोलो १३ यानावर हेच झालं. १३ एप्रिल १९७०, ऑक्सिजनच्या दोन नंबरच्या टाकीचा स्फोट. कप्तान जिम लव्हेलने ह्यूस्टनच्या नियंत्रण केंद्राला सांगितलं की प्रॉब्लेम झालाय, आणि त्याला जोडूनच: मेन बी बस अंडरव्होल्ट. त्यात स्फोट नाही, ऑक्सिजन नाही. बस म्हणजे जिच्यावरून यानभर वीज वाटली जाते ती मुख्य लाइन. तिचं व्होल्टेज उतरल्याचा इशारा समोर आला होता, तेवढंच तो बोलला.

आपल्याकडचा हौशी लेखक तिथे असता तर कप्तान गरजला असता, “ऑक्सिजन टाकीच्या स्फोटामुळे इंधन-घट निकामी, विद्युत दाबात ४१.३७२८ टक्के घट!” (चार दशांश स्थळं. भाजीवालाही इतकं काटेकोर तोलत नाही.) गंमत म्हणजे आकडा सोडला तर यातलं विज्ञान बरोबर आहे. टाकीतला ऑक्सिजन इंधन-घटांना लागायचा, आणि वीज त्या घटांतूनच यायची. तरी वाक्य खोटं वाटतं, कारण त्या क्षणी यानातल्या कुणालाच ते कळणं शक्य नव्हतं. ते लेखकाला माहीत आहे, कप्तानाला नाही.

साधारण चौदा मिनिटांनी लव्हेलने खिडकीबाहेर पाहिलं. यानातून अवकाशात काहीतरी निसटत होतं. नासाने निवडलेला, तीनदा अवकाशात जाऊन आलेला तो वैमानिक एवढंच म्हणाला: कसला तरी गॅस आहे.