रचायची लाकडी खेळणी

एकावर एक ठेवून, दांड्यात ओवून किंवा एकात एक बसवून खेळायची लाकडी खेळणी. साधारण दहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतची मुले ती खेळतात. चौकोनी ठोकळे, दांडा आणि कड्या, एकात एक मावणारे डबे किंवा वाट्या हे त्यांचे नेहमीचे प्रकार. बोटे, मनगट आणि नजर यांचा मेळ लागणाऱ्या हालचालींना सूक्ष्म कारक कौशल्ये म्हणतात. त्यांचा सराव या खेळण्यांनी होतो. बालरोगतज्ज्ञ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामे जमावीत म्हणून उपचार करणारे तज्ज्ञ) तेच ठोकळे मुलाचा विकास तपासायलाही वापरतात.

मूल वस्तू धरायला लागले की घरात कौतुक होते. अवघड असते ते सोडणे. नवजात बाळाच्या तळव्याला बोट लावले की मूठ आपोआप मिटते. ही प्रतिक्षिप्त क्रिया पाच-सहा महिन्यांत ओसरते आणि बाळ आपल्या इच्छेने वस्तू धरू लागते, आधी सगळ्या तळव्याने, मग बोटांनी. नऊ-दहा महिन्यांच्या सुमारास अंगठा आणि तर्जनीची चिमूट जमते. हवी तेव्हा आणि हवी तिथे मूठ उघडणे मात्र त्याच्याही मागून येते. म्हणून त्या वयाचे बाळ वस्तू ठेवत नाही; टाकते, नाहीतर भिरकावते. त्याला खोडी समजून रागावण्यात अर्थ नाही.

मनोरा रचताना ठोकळा खाली टेकला हे बोटांना आधी कळावे लागते. मग सगळी बोटे एकदम सुटावी लागतात, आणि हात मागे घेताना धक्का लागून चालत नाही. दीड वर्षाच्या मुलाचा हात जवळून पाहावा: ठोकळा टेकल्यावरही ते तो क्षणभर दाबून धरते आणि सोडताना बोटे गरजेपेक्षा जास्त फाकवते. मनोरा पुष्कळदा ठोकळा ठेवताना पडत नाही, हात काढून घेताना पडतो.

अमेरिकेतील येल विद्यापीठात आर्नल्ड गेसेल यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बालविकासाचे टप्पे नोंदवले, तेव्हा एक इंची ठोकळे त्यांच्या साहित्यात होते. आजच्या बहुतेक विकास चाचण्यांतही ते असतात. ढोबळ मानाने सव्वा वर्षाचे मूल २ ठोकळ्यांचा मनोरा करते, दीड वर्षाचे ३-४, दोन वर्षांचे ६-७ आणि तीन वर्षांचे ९-१० ठोकळ्यांचा. दोन वर्षांच्या आसपास ते ठोकळे ओळीत लावून आगगाडी करते, तिसऱ्या वर्षी दोन ठोकळ्यांवर तिसरा आडवा ठेवून पूल बांधते. हे आकडे सरासरीचे आहेत. शेजारच्या बाळाने सहा रचले आणि आपल्याने चारच, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. तज्ज्ञही निष्कर्ष काढताना चालणे, बोलणे, खाणे असे सगळे मिळून पाहतात.

दांडा आणि कड्यांच्या खेळण्यात कडी काढणे आधी जमते, घालणे नंतर. घालताना छिद्र दांड्याच्या टोकावर नेमके आणावे लागते आणि त्यासाठी मनगट वळवावे लागते. एक हात दांडा धरतो, दुसरा कडी घालतो. दोन हातांनी दोन वेगळी कामे करण्याचा हा सुरुवातीचा धडा. दांडा सरळ असेल तर कडी कोणत्याही क्रमाने बसते. तो वर निमुळता असेल, तर लहान छिद्राची कडी वरच अडकते आणि चूक मुलाला आपोआप दिसते. १९६० मध्ये फिशर-प्राइस या अमेरिकी खेळणी कंपनीने प्लॅस्टिकमध्ये आणलेले ‘रॉक-अ-स्टॅक’ निमुळत्या दांड्याचे होते. वर्षाच्या मुलाला सरळ दांडा द्यावा. लहान-मोठ्याचा क्रम लावणे पुढचे काम आहे, आणि त्या वयात मुलाला त्याच्याशी देणेघेणे नसते.

एकात एक बसणाऱ्या वाट्यांवर पॅट्रिशिया ग्रीनफील्ड आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यात तीन रीती दिसल्या. अगदी लहान मूल एक वाटी दुसरीत घालून थांबते. थोडे मोठे झाले की एकाच वाटीत एकामागून एक वाट्या टाकत राहते. तीन वर्षांच्या आसपास दोन वाट्यांची जोडी एकत्र उचलून तिसरीत ठेवणे जमते. हात तोच असतो, योजना लांबत जाते.

शिक्षणाचे साधन म्हणून ठोकळ्यांची मांडणी केली ती जर्मनीच्या फ्रेडरिक फ्रोबेल यांनी. त्यांनी मुलांसाठी आखलेल्या खेळसाधनांना ते ‘देणग्या’ म्हणत; त्यांपैकी तिसरी म्हणजे आठ लहान घनांत विभागलेला एक घन. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये आपली पहिली बालशाळा उघडली; त्यांच्या साधनांतला गुलाबी मनोरा १ ते १० सेंटिमीटर बाजूच्या दहा घनांचा असतो. सगळ्यांचा रंग एकच, कारण मुलाचे लक्ष फक्त आकारमानाकडे जावे. माँटेसरींच्या साधनांतल्या दट्ट्यांना, म्हणजे खाचेत बसवायच्या लाकडी दंडगोलांना, वरून बारीक मूठ असते. ती तीन बोटांनी उचलावी लागते आणि पुढे पेन्सिलही त्याच तीन बोटांत येते.

महाराष्ट्रात ही पद्धत रुजवली ती ताराबाई मोडक यांनी. गुजराती बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम केल्यावर त्यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केले. पुढे ते कोसबाडला गेले. परदेशी घाटाची महागडी साधने खेड्यात परवडणार नव्हती. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी खडे, शिंपले, पाने, बिया अशा परिसरातल्या वस्तूंना साधनांचे काम दिले. रचण्याचा खेळ तसा आपल्याकडे नवा नव्हताच. भातुकलीत मुली उतरंड लावत आल्या आहेत, आणि मोठ्या मुलांच्या लगोरीत चपट्या दगडांचा ढीग पुन्हा उभा करण्यावरच डाव ठरतो.

कड्या, वाट्या, दांडे चरकावर, म्हणजे लाकूड फिरवणाऱ्या लेथवर, कातून होतात. कर्नाटकातल्या चन्नपट्टणात काळ्या कुड्याचे मऊ, पांढरट लाकूड वापरतात. लाकूड फिरत असतानाच त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून बसते, मग केवड्याच्या पानाने घासून चकाकी आणतात. सावंतवाडीची लाकडी फळे आणि खेळणीही प्रसिद्ध आहेत. लाखेचा गुळगुळीतपणा कड्यांना शोभतो. मनोऱ्याच्या ठोकळ्यांना मात्र साधा, पॉलिश पेपरने घासलेला पृष्ठभाग बरा, कारण तो घसरत नाही. लाकडाचे थोडे वजनही उपयोगी पडते: हलका ठोकळा बोट लागताच सरकतो.

तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्याचा कोणताही सुटा भाग ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या चाचणी-नळीत पूर्ण मावता कामा नये, कारण तो घशात अडकू शकतो. अडीच सेंटिमीटरचा घन तीत जात नाही, दोन सेंटिमीटरचा जातो. गुलाबी मनोऱ्यातला सर्वांत लहान घन तर अगदीच बारीक, म्हणून तो मनोरा हातातली वस्तू तोंडात घालण्याची सवय सुटल्यावरच द्यावा. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या मालाला यातून सूट आहे. त्यामुळे जत्रेत किंवा प्रदर्शनात घेताना रंग कोणता, हे विक्रेत्याला विचारावे. लाख नैसर्गिक असली, तरी तीत मिसळलेला रंग तसा असेलच असे नाही. धुताना खेळणी पाण्यात भिजत घालू नयेत. ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवावीत, नाहीतर लाकूड फुगते आणि कडी दांड्यात अडकून बसते.