विघटनशील रोपकुंडी

विघटनशील रोपकुंडी : बी रुजवून रोप वाढवण्यासाठी वापरायची आणि लागवडीच्या वेळी रोपासकट जमिनीत पुरायची कुंडी. काथ्या, पीट (दलदलीतले अर्धवट कुजलेले शेवाळ), कागदाचा लगदा, शेण, पाने अशा सेंद्रिय पदार्थांपासून ती करतात. मातीतले सूक्ष्मजीव तिची भिंत कुजवतात, मुळे त्या भिंतीतून बाहेर पडतात आणि रोप कुंडीतून ओढून काढण्याची वेळच येत नाही. मूळ न दुखावता स्थलांतर करणे हा या कुंडीचा खरा हेतू. प्लास्टिक वाचते हा फायदा पुढे जोडला गेला, जाहिरातीत मात्र तोच आधी येतो.

सगळ्याच पिकांना तिची गरज नसते. टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी, कांदा यांची रोपे गादीवाफ्यावरून उपटून लावली तरी दोन-चार दिवस माना टाकून पुन्हा उभी राहतात, कारण तुटलेल्या मुळाच्या मागून नवी मुळे चटकन फुटतात. भाताचा तरवा तर मुठी बांधून शेतभर फिरवतात. काकडी, दोडका, कारले, दुधी, भोपळा, कलिंगड हे वेल मात्र या बाबतीत नाजूक असतात. त्यांचे मूळ दुखावले की नवे फुटायला वेळ घेते आणि रोप आठवडाभर जागच्या जागी खिळते. पपईचेही तसेच. म्हणून या पिकांचे बी परंपरेने थेट आळ्यातच टोकतात. पण थेट पेरलेले बी उंदीर, गोगलगाई आणि अवेळी पाऊस यांच्या तावडीत असते. उन्हाळी कलिंगडाला किंवा मृगाच्या वेलांना दोन-तीन आठवड्यांची आघाडी मिळवायची, तर रोप वेगळे वाढवून त्याच्या मातीसकट हलवावे लागते. रोपकुंडीची जागा नेमकी इथे आहे.

पूर्वपीठिका

रोपाला कुजणाऱ्या वेष्टनासकट हलवण्याची कल्पना फार जुनी आहे. इजिप्तची राणी हात्शेप्सुत हिच्या देर अल-बहरी येथील मंदिरात, इ. स. पू. पंधराव्या शतकातल्या कोरीव चित्रांत, पुंट देशाहून आणलेली सुगंधी डिंकाची झाडे मुळांसह टोपल्यांत ठेवून वाहून नेताना दाखवली आहेत. मेक्सिकोच्या सरोवरी प्रदेशात, चिनांपा नावाच्या पाणथळ शेतांवर, तळ्यातला गाळ वाफ्यावर पसरून तो किंचित आळला की त्याचे चौकोनी ठोकळे कापत आणि प्रत्येक ठोकळ्यात बोटाने खळगा करून बी ठेवत. या ठोकळ्याला ‘चापिन’ म्हणतात. तिथे कुंडी वेगळी नाहीच, मातीच कुंडीचे काम करते. आजच्या सेंद्रिय शेतीत साच्याने दाबून केलेले मातीचे ठोकळे वापरतात, तेही याच जातीचे.

कारखान्यात घडवलेली पुरायची कुंडी विसाव्या शतकाच्या मध्यावर रुळली. नॉर्वेतल्या ‘जिफी’ या कंपनीने १९५० च्या दशकात पीट आणि लाकडाच्या लगद्याची कुंडी बाजारात आणली. पुढे तिचीच दाबलेल्या पीटची चकती आली. पाण्यात टाकली की ती फुगून बोटभर उंच होते, वर बी ठेवायचे. या चकतीभोवतीची बारीक जाळी बहुधा कृत्रिम धाग्याची असते. चकती विरघळते, जाळी मात्र पुढच्या हंगामात कुदळीला येते. विकत घेताना जाळी कशाची आहे हे विचारावे, नाहीतर लावण्याआधी ती कापून काढावी.

जपानमध्ये वाट वेगळी निघाली. होक्काइदो बेटावर साखरबीटाची लागवड होते. तिथे बर्फ उशिरा वितळते, हंगाम आखूड. तिथल्या ‘निप्पॉन बीट शुगर’ कंपनीने मधाच्या पोळ्यासारखी, घडी केलेली कागदी कप्प्यांची पट्टी विकसित केली. पट्टी पसरून कप्प्यांत माती-बी भरायचे, रोपे आडोशाला वाढवायची आणि मग एक टोक जमिनीत रोवून हातगाडा मागे ओढत जायचे. साखळी उलगडत रोपे ओळीने सरीत बसतात. वाकून लावण्याचे कष्ट संपतात. ही पद्धत अमेरिकेतल्या छोट्या भाजी-शेतकऱ्यांत लोकप्रिय झाली तेव्हा एक पेच उभा राहिला. कागद टिकावा म्हणून त्यात कृत्रिम तंतू आणि डिंक होते, मग ते जमिनीत सोडून देणे सेंद्रिय प्रमाणपत्रात बसते का? तिथल्या कृषी खात्याने अखेरीस अशा कागदाला परवानगी दिली, पण त्यात वजनाने किमान ६० टक्के तंतू सेल्युलोजचे, म्हणजे वनस्पतीजन्य, असावेत ही अट घालून.

कच्चा माल

पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षे अर्धवट कुजत साठलेले शेवाळ, मुख्यतः स्फॅग्नम. ते हलके, निर्जंतुकासारखे आणि पाणी धरणारे असल्याने युरोपची रोपवाटिका त्यावरच उभी राहिली. पण पीटचा थर वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. पृथ्वीच्या सुमारे ३ टक्के भूभागावरच्या या दलदली जगातल्या सगळ्या जंगलांहून अधिक कार्बन धरून आहेत. तो उकरून कुंडी करायची आणि तिला पर्यावरणस्नेही म्हणायचे, हे फार काळ पचण्यासारखे नव्हतेच. म्हणून आता युरोपातही लाकडाचे तंतू आणि काथ्या यांकडे ओढा आहे.

भारतात काथ्याची कुंडी अधिक सहज मिळते. नारळाच्या सोडणाचे तंतू पसरून त्यांचा नमद्यासारखा थर करतात, त्यावर रबराचा चीक फवारतात आणि तापवलेल्या साच्यात दाबून कुंडीचा आकार देतात. केरळ आणि तमिळनाडू ही याची मुख्य केंद्रे. १९५३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या कॉयर बोर्डाचे मुख्यालय कोचीत आहे. काथ्यात लिग्निनचे (लाकडाला कणखरपणा देणाऱ्या घटकाचे) प्रमाण ४० टक्क्यांहून अधिक असते आणि तेच त्याच्या टिकाऊपणाचे कारण आहे. ज्या तंतूंचे दोर खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षे टिकतात, ते बागेत दोन महिन्यांत नाहीसे होतील अशी अपेक्षा करणे चूक. काथ्याची कुंडी विरते, पण सावकाश. रोपाला ती अडवत नाही, कारण तंतूंमधल्या फटींतून मुळे आधीच निसटतात. सोडण खाऱ्या पाण्यात भिजवलेली असेल तर काथ्यात क्षार राहतात, तेव्हा नव्या कुंड्या वापरण्याआधी दोनदा गोड्या पाण्यात बुडवून निथळाव्यात. कोकोपीटला, म्हणजे सोडणाच्या भुशालाही, हाच नियम.

शेणाची कुंडी आपल्याकडे नवलाची नाही. गोवऱ्या थापणाऱ्या हाताला वाटी थापायला काय लागते? फरक इतकाच, की ताजे शेण वापरले तर ते कुंडीतच तापते, कोवळ्या मुळांना चटका बसतो आणि हुमणीसारख्या किडीलाही आमंत्रण मिळते. आधी कुजवलेले शेण, थोडा भुसा किंवा तूस आणि बांधणीपुरती चिकणमाती असे मिश्रण साच्यात दाबून सावलीत वाळवतात. अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातल्या एका दुग्धशाळेने गोठ्यातल्या शेणाच्याच कुंड्या ‘काऊपॉट्स’ या नावाने विकायला काढल्या. तिथे शेण आधी बायोगॅस संयंत्रातून काढून घेतात.

परसात वेल लावणाऱ्याला विकतच्या कुंडीची गरज क्वचितच पडते. पळसाच्या पानाचा द्रोण, केळीचे सोपट, सुपारीची विरी ही सामग्री हाताशी असते आणि दोन-तीन आठवडे सहज टिकते. वर्तमानपत्राची पट्टी बाटलीभोवती दोन-तीन पदरी गुंडाळून, खालची कड आत दुमडून बाटली ओढून घेतली की कागदी कुंडी तयार. खळ किंवा डिंक लागत नाही. गुळगुळीत रंगीत पुरवणी टाळावी. अंड्याच्या कवचातले रोप फोटोत शोभते, पण जागा इतकी कमी की दहा दिवसांत हलवावे लागते. करवंटी टिकाऊ आहे, म्हणूनच ती पुरण्याच्या कामाची नाही. चहाचा कागदी कप तर निव्वळ फसवणूक आहे. त्याला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. तो जमिनीत पुरला तर कागद कुजतो आणि प्लास्टिकचा पेला तेवढा मागे राहतो.

भिंतीचे वर्तन

या कुंडीकडून दोन विरुद्ध गोष्टींची अपेक्षा असते. रोपवाटिकेत रोज पाणी खाऊनही तिने उभे राहावे, आणि जमिनीत गेली की लगेच ढासळावे. पदार्थ तोच, ओल तीच. बदलतात ते सूक्ष्मजीव आणि आजूबाजूची माती. म्हणून ‘इतक्या दिवसांत कुजते’ असा छापील आकडा फारसा अर्थपूर्ण नसतो. कोकणच्या पावसात कागदी कुंडी वाफ्यावर ठेवल्या ठेवल्या मान टाकते. तीच विदर्भातल्या काळ्या जमिनीत रब्बीत, पाणी बेताचे असेल तर, भेगांमध्ये कोरडी पडून हंगाम काढते. विघटनशीलता हा कुंडीचा अर्धाच गुण आहे, उरलेला अर्धा जमिनीचा.

भिंत सच्छिद्र असल्याने ती माठासारखी वागते. बाहेरच्या बाजूने पाणी उडते आणि आतली माती गार राहते. एप्रिल-मेच्या उन्हात काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत मुळे उकडतात, त्या मानाने हा मोठाच दिलासा. पण माठ जसा पाणी संपवतो तशी ही कुंडीही संपवते. प्लास्टिकच्या पिशवीला एकदा पाणी पुरत असेल तिथे हिला दोनदा लागते. भिंतीवर पांढरी खार चढते, कधी हिरवे शेवाळ, कधी बुरशीचा कापूस. हा कापूस बहुधा भिंत खाणाऱ्या निरुपद्रवी बुरशीचा असतो. रोपाची मान जमिनीलगत काळी पडून ते कोलमडले तर मात्र तो मर रोग आहे, आणि त्याचे कारण कुंडी नसून जास्तीचे पाणी आहे.

भिंत कुजवणाऱ्या जिवाणूंनाही नत्र लागते. कागद आणि काथ्या यांत कार्बन भरपूर, नत्र नावाला. तेव्हा ते आजूबाजूच्या मातीतले नत्र उचलतात आणि रोपाची खालची पाने पिवळी पडतात. शेणाच्या कुंडीत हा प्रश्न येत नाही. कागदी किंवा काथ्याच्या कुंडीत वाढणाऱ्या रोपाला दुसरे-तिसरे खरे (बीजदलांनंतरचे) पान आल्यावर पातळ केलेले शेणपाणी किंवा गांडूळखताचा अर्क देतात तो यासाठीच.

वापर

गाळलेली पोयटा माती, जुने शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट सम प्रमाणात घेऊन कुंडी काठोकाठ भरावी. अर्धवट भरली तर रिकामी भिंत आधी वाळते. कागदी कुंड्या परातीत किंवा फळांच्या खोक्यात एकमेकींना चिकटून ठेवाव्यात, त्या एकमेकींच्या आधाराने उभ्या राहतात. काथ्याच्या कुंड्यांत मात्र थोडे अंतर हवे, नाहीतर एकीची मुळे दुसरीत शिरतात आणि वेगळ्या करताना ज्यासाठी सगळा खटाटोप केला तीच मुळे तुटतात. अंतर असले की भिंतीबाहेर आलेले मूळ हवा लागून टोकाशी सुकते आणि आत नवे फाटे फुटतात. प्लास्टिकच्या पिशवीत हेच मूळ भिंतीला आपटून वेटोळे घालत राहते. पाणी झारीने वरून देण्यापेक्षा परातीत ओतावे, भिंत आपण होऊन ओढून घेते. अर्ध्या तासाने उरलेले पाणी काढून टाकावे.

वेलवर्गीय रोप दोन ते चार खऱ्या पानांवर, म्हणजे साधारण १५ ते २० दिवसांत लावायला येते. त्याआधी चार-पाच दिवस ऊन वाढवत नेऊन ते काटक करतात. लावताना कुंडी पाण्यात बुडवून पूर्ण भिजवावी. कोरडी भिंत ओल्या जमिनीतही कोरडीच राहू शकते आणि मग मुळांना ती डबीसारखी कोंडते. दुसरी काळजी काठाची. कुंडीचा काठ मातीच्या वर उघडा राहिला तर तो दिव्याच्या वातीसारखा खालचे पाणी वर ओढून हवेत उडवत राहतो आणि भर ओल्या आळ्यात रोप सुकते. या कुंड्यांविषयीच्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी हा बोटभर काठ असतो. तो फाडून टाकावा किंवा बोटभर मातीखाली गाडावा. जाड भिंत असेल तर तळ फाडून द्यावा. त्याने मूळ दुखावत नाही. वाळवीच्या जमिनीत कागद आणि पुठ्ठा टाळलेला बरा.

व्यापारी रोपवाटिकांनी ही कुंडी फारशी स्वीकारलेली नाही, आणि त्याचे कारण उदासीनता नव्हे. नारायणगाव, पिंपळगाव बसवंत या टोमॅटोच्या पट्ट्यात रोपे कोकोपीट भरलेल्या प्रो-ट्रेमध्ये, म्हणजे कप्प्याकप्प्यांच्या प्लास्टिक ट्रेमध्ये, होतात. ट्रेच्या निमुळत्या कप्प्यातून रोप मुळांच्या गड्ड्यासकट अलगद निघते, ट्रे पुन्हा वापरता येतो, आणि हजारो रोपांच्या हिशेबात प्रत्येकी एक कुंडी परवडत नाही. वनीकरणात मात्र प्रश्न जिवंत आहे. राज्यात २०१९ च्या पावसाळ्यात ३३ कोटी झाडांचे उद्दिष्ट होते. अशा लागवडीतले रोप बहुधा काळ्या पिशवीतून येते आणि पिशवी खड्ड्याशेजारीच पडते. महाराष्ट्राच्या मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदी अधिसूचनेतून रोपवाटिका आणि फलोत्पादनासाठीच्या कंपोस्टयोग्य पिशव्यांना सूट आहे. पण ‘कंपोस्टयोग्य’ म्हणजे परसात पुरण्याजोगे असे नव्हे. मक्याच्या पिठुळापासून केलेल्या पॉलिलॅक्टिक आम्लाच्या पिशव्यांची चाचणी सुमारे ५८ अंश सेल्सिअसच्या औद्योगिक कंपोस्टमध्ये घेतात. बागेतली माती तेवढी तापत नाही.

लावलेले रोप तीन आठवड्यांत वाढीला लागले नाही, तर एका बाजूने हलक्या हाताने उकरून पाहावे. भिंतीबाहेर पांढरी मुळे दिसली तर खोट दुसरीकडे आहे. भिंत घट्ट आणि कोरडी लागली, तर धारदार सुरीने तिला दोन-तीन उभे काप द्यावेत, माती परत दाबावी आणि आळे दोन दिवस सलग भिजते ठेवावे.