सेटरचं पिल्लू शोला न्यायचंय? केस कापायची मशीन पाठीला लावू नका

पिल्लू आठ-नऊ महिन्यांचं झालं, पहिला डॉग शो ठरला, की आम्हा कुत्र्यांचे केस कापणाऱ्यांना फोन येतो, "रविवारी शो आहे, शनिवारी संध्याकाळी आणू का?" शनिवारी आणलंत तर आम्ही आंघोळ घालू, नखं घासून देऊ. ट्रिमिंग मात्र त्या दिवशी करणार नाही. आमच्याकडे निफाड-दिंडोरीकडचे द्राक्षबागायतदार बरेच येतात, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. छाटणी कधी घेतली त्यावर माल कधी तयार होणार ते ठरतं. इथेही तसंच आहे, फक्त हिशोब महिन्यांचा नसून तीन आठवड्यांचा आहे.

सेटर हा पक्ष्यांच्या शिकारीचा कुत्रा. वास लागला की दबून स्थिर होणारा, म्हणून सेटर. आयरिश, इंग्लिश, गॉर्डन आणि लाल-पांढरा आयरिश, चारही एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वानसंघटनेच्या सातव्या गटात येतात. कानांवर, छातीला, पोटाखाली, पायांच्या मागे आणि शेपटीला जे लांब केस असतात त्यांना आम्ही झालर म्हणतो. शोसाठी कापायचं ते एवढ्याचसाठी, की मान लांब दिसावी, डोक्याची घडण दिसावी, पाय सुबक दिसावेत. कापलेलं मात्र दिसता कामा नये. जज लांबून बघतात आणि नंतर हातही फिरवतात, त्यामुळे दोन्ही वेळा फसवता येत नाही.

पाठ आणि डोकं : बोटांचं काम

सेटरच्या पिल्लाच्या पाठीवर, डोक्यावर आणि कानांच्या वरच्या भागावर फिकट, मऊ, पिंजलेल्या कापसासारखे केस उभे राहतात. हे पिल्लूपणीचे मेलेले केस. ते दिसले की मालकाचा हात मशीनकडे जातो, आणि सगळ्यात मोठं नुकसान तिथेच होतं. आयरिशचा तो तांबूस-तपकिरी गडद रंग वरच्या केसांच्या टोकांत असतो. मशीनने टोकं उडाली की खालची फिकट लव उघडी पडते, चकाकी जाते आणि नवे केस कधी कधी कुरळट येतात. जातीच्या मानकात, म्हणजे कुत्रा कसा दिसावा याच्या लेखी वर्णनात, तर केस सपाट आणि शक्य तितके सरळ हवेत असं म्हटलंय.

मेलेला केस उपटला तर दुखत नाही. एका हाताने कातडी हलकी ताणून धरायची, दुसऱ्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत चार-सहा केस घ्यायचे आणि वाढीच्या दिशेने ओढायचे. तयार असतील तर चिमटीत येतात. पिल्लाने मागे वळून पाहिलं, तर ते केस अजून तयार नाहीत, आठ दिवस थांबायचं. टाचा घासायचा सच्छिद्र दगड असतो ना, तो पाठीवर केसांच्या दिशेने हलका फिरवला तरी बरेच केस निघतात. हे काम आंघोळीच्या आधी करायचं, कारण धुतलेला केस बोटांतून निसटतो. एका बैठकीत सगळं उरकायचा हट्टही नको. तीन आठवडे आधीपासून दिवसाला दहा मिनिटं पुरतात, आणि ते तुम्ही घरी करू शकता. आम्ही पहिल्यांदा हात धरून दाखवतो.

गळा आणि कान : दहा-बारा दिवस आधी

मशीन लागते ती इथे. गळ्यावर दहा नंबरचं ब्लेड, म्हणजे साधारण दीड मिलिमीटर केस राहतात. जबड्याखालून सुरू करून छातीच्या हाडाच्या दोन-तीन बोटं वर थांबायचं. दोन्ही बाजूंना, कानाखालून खांद्याकडे जाताना केसांची एक नैसर्गिक शिवण दिसते, दोन दिशांचे केस तिथे भेटतात. मशीन त्या शिवणीच्या आतच राहिली पाहिजे. शिवणीवरचा जाड-बारीक फरक थिनिंग कातरीने, म्हणजे केस विरळ करणाऱ्या दातेरी कातरीने मोडायचा. एक चाव, मग कंगवा, मग दोन पावलं मागे जाऊन बघणं. कातरीपेक्षा कंगवा जास्त चालला पाहिजे.

सुरुवातीच्या दिवसांत आम्ही स्वतः एका लाल पिल्लाच्या गळ्यावरचे केस शोच्या आदल्या संध्याकाळी काढले होते. सकाळच्या उन्हात मानेवर पांढुरकी सरळ रेघ, जणू कुणी पट्टी ठेवून आखली होती. मालक काही बोलले नाहीत. पुढचे दोन महिने आलेही नाहीत. दहा-बारा दिवस ही मुदत तेव्हापासूनची.

कानाचा वरचा एक तृतीयांश भाग बाहेरून वरून खाली साफ करायचा, खालची झालर तशीच ठेवायची. आतून, कानाच्या तोंडाखालचे दाट केस कमी केले की कान गालाला सपाट बसतो आणि हवाही खेळते. पडत्या कानांना ती हवीच. घरी करणाऱ्यांनी एकच जपा : कानाच्या मागच्या कडेला खाली कातडीची एक छोटी खिशासारखी घडी असते. कातर तिथेच लागते आणि रक्त थांबता थांबत नाही. घडीवर अंगठा ठेवा, मगच कापा. मिशांना आम्ही हात लावत नाही.

पाय आणि शेपटी : दोन-तीन दिवस आधी

तळव्याच्या गाद्यांमधले केस कापायचे, पंजाची कड गोल करायची. बोटांच्या मधले केस मुळापासून साफ करू नका, आयरिशच्या मानकात बोटांमध्ये केस हवेतच. मागच्या पायाच्या हॉकखालचे, म्हणजे टाचेच्या सांध्याखालचे केस वर विंचरून थिनिंग कातरीने एकसारखे करायचे. शेपटीचं टोक चिमटीत धरून हाडाच्या पुढे सेंटिमीटरभर केस ठेवायचे आणि तिथून झालर निमुळती करत आणायची. इथे चूक झाली तर भरून यायला महिने जातात. शंका आली तर कमी कापा.

आदल्या दिवशी

आंघोळ. बोअरचं पाणी असेल तर शाम्पू निघायला दुप्पट वेळ धरा. ड्रायरचा झोत केसांच्या दिशेने, मग पाठीवर टॉवेल सपाट ताणून पोटाखाली पिन लावून ठेवायचा. थंडीत पिल्लू पूर्ण वाळल्याशिवाय बाहेर नेऊ नका. खोबरेल लावू नका. आजीचा आग्रह आम्हाला माहीत आहे, पण तेलावर धूळ बसते आणि झालर चिकटते.

नाशिकची कुसळं

पावसाळा संपला की पांडवलेणीच्या उतारावर आणि गंगापूर धरणाकडच्या माळावर गवत वाळतं, आणि शोचे दिवसही साधारण तेव्हाच सुरू होतात. कुसळ झालरीत अडकतं, तिथून बोटांच्या मधे किंवा कानात शिरतं आणि पुढेच जातं, मागे येत नाही. फिरून आल्यावर दारातच कंगवा फिरवा. पिल्लू डोकं झटकायला लागलं किंवा एकच पंजा चाटत बसलं तर आमच्याकडे नको, सरळ पशुवैद्यांकडे न्या. बागेत फवारणी झालेल्या दिवशी त्याला तिकडे सोडू नका. आणि टेबलवर शांत उभं राहिल्याचं बक्षीस म्हणून द्राक्षं किंवा बेदाणे कधीही देऊ नका, कुत्र्याची मूत्रपिंडं त्याने निकामी होऊ शकतात. उकडलेल्या चिकनचा तुकडा चालतो.

पहिली भेट

पिल्लू चार महिन्यांचं झालं, लसी पूर्ण झाल्या, की एकदा आणा. त्या दिवशी काहीच कापत नाही. टेबलवर उभं करतो, मशीन नुसती सुरू करून बाजूला ठेवतो, पंजे हातात घेतो, दहा मिनिटांत सोडतो. पैसे घेत नाही. दात बदलायचे दिवस असतील तर आधी सांगा, तोंडाला हात लावणार नाही. येण्याआधी दोन तास खायला घालू नका, आणि रोजचा कंगवा सोबत आणा. कंगव्याच्या दातांवरून घरी काय चाललंय ते आम्हाला लगेच कळतं.