रंगाचा पत्ता नसलेला ‘कलर चेंज’

संगणकाच्या पडद्यावर गुलाब लाल, पाने हिरवी. तीच फाइल भरतकामाच्या मशीनवर चढवली की गुलाब हिरवा आणि पाने पिवळी. नवा ऑपरेटर पहिला संशय डिझाइन करणाऱ्यावर घेतो. पण बहुतेक वेळा फाइल अगदी ठीक असते. तिच्यात ‘लाल’ असे कुठे लिहिलेलेच नसते. ‘इथे बदल’ एवढेच असते, आणि खरे तर तेही नसते. असते ते फक्त ‘इथे थांब’. हे असे का, हे कळायला फाइलच्या बरेच मागे जावे लागते.

१८२८च्या सुमारास फ्रान्समधल्या म्युलूझ इथे जोस्युए हाइलमान यांनी भरतकामाचे हातयंत्र बनवले. दोन्ही टोकांना अणकुचीदार आणि मधोमध नेढे असलेल्या सुयांची रांग कापडातून आरपार जाई, पलीकडचे चिमटे ती पकडत आणि परत पाठवत. कारागीर पँटोग्राफच्या टोकाने मोठ्या आराखड्यावर एकेक टाका गिरवी, की सगळ्या सुया तोच टाका लहान आकारात घालत. यात दोरा हातशिवणीसारखाच मोजका तोडलेला असे. तो संपला की यंत्र थांबणारच. मग सगळ्या सुया ओवायच्या, आणि ते किचकट काम बहुधा बायका-मुलांच्या वाट्याला येई. रंग बदलायचा तर याच थांब्यात बदलायचा. त्यासाठी वेगळी खूण करायची गरजच नव्हती.

१८६३मध्ये स्वित्झर्लंडच्या इझाक ग्रोब्ली यांनी शिवणयंत्राचे तत्त्व उचलले. वर रिळावरून येणारा अखंड दोरा, खाली होडीच्या आकाराचा धोटा. त्या धोट्यावरूनच यंत्राचे नाव पडले ‘शिफली’, म्हणजे छोटी होडी. दोरा संपून यंत्र आपोआप थांबण्याची सोय इथे गेली. आता कुठे थांबायचे ते आधी ठरवावे लागे. शिवाय शेकडो सुया एकदम चालत असल्याने रंग बदलणे म्हणजे मोठेच काम. म्हणून एका रंगाचे सगळे टाके आधी उरकायचे आणि मगच दुसऱ्याला हात घालायचा, ही शिस्त आली. आजही डिझाइन बनवताना रंग कमीत कमी वेळा बदलावा म्हणून जो क्रम लावतात, तो याच जातीचा हिशोब आहे.

पुढे ग्रोब्लींच्या मुलाने शिफलीला भोकांच्या पट्टीवर चालायला लावले. भोके पाडून यंत्राला आज्ञा द्यायची ही कल्पना नक्षीदार कापड विणणाऱ्या जॅकार्डच्या मागावर १८०४पासून रुळलेली होतीच. पँटोग्राफ धरणारा माणूस बाजूला झाला आणि त्याच्या जागी भोके पाडणारा आला. आज माउस फिरवणाऱ्यालाही ‘पंचर’ आणि त्याच्या कामाला ‘पंचिंग’ म्हणतात ते यामुळे. पट्टीने पँटोग्राफवाल्याचा हात घेतला, पण दोरा ओवणाऱ्याची नजर काही घेतली नाही. कुठल्या रिळाचा दोरा लावायचा, हे माणूसच ठरवत राहिला.

१९६४मध्ये जपानच्या ताजिमा कंपनीने अनेक डोक्यांची (डोके म्हणजे सुया धरणारा भाग) स्वयंचलित मशीन विकायला आणली आणि १९७३मध्ये सहा सुयांची, रंग आपोआप बदलणारी. आता थांबून ओवायचे कारण नाही. सहा रंग आधीच ओवून ठेवायचे, खूण आली की डोके सरकते आणि पुढची सुई कामाला लागते. इथे ‘थांब’ आणि ‘रंग बदल’ या दोन आज्ञा वेगळ्या करता आल्या असत्या. झाल्या नाहीत. दोन्हींना खूण एकच राहिली, आणि माझ्या मते आजच्या निम्म्या गोंधळाचे मूळ तिथे आहे.

ताजिमाच्या कागदी पट्टीवर आडव्या ओळीत आठ भोकांची जागा असे आणि एका टाक्याला तीन ओळी लागत. अंतर १, ३, ९, २७ आणि ८१ या आकड्यांच्या बेरीज-वजाबाकीने सांगत. सगळ्यांची बेरीज १२१, एकक ०.१ मिमी, म्हणून एका टाक्याची झेप जास्तीत जास्त १२.१ मिमी. आजची डीएसटी फाइल, म्हणजे ताजिमाच्या पद्धतीची भरतकामाची फाइल, ही तीच पट्टी, फक्त कागदाविना: प्रत्येक टाक्याला तीन बाइट. तिसऱ्या बाइटचे वरचे दोन बिट शून्य असले तर साधा टाका, सर्वांत वरचा एकटा लागला तर जंप (टाका न घालता पुढे सरकणे), दोन्ही लागले तर स्टॉप किंवा कलर चेंज, काय समजायचे ते मशीनने समजावे. दोरा कापायलाही स्वतंत्र खूण नाही. लागोपाठ काही जंप आले की मशीन त्याचा अर्थ ‘काप’ असा लावते. सुरुवातीच्या ५१२ बाइटच्या मथळ्यात रंगबदल किती, याचा आकडा असतो. कोणते रंग, याला जागा नाही.

एका सुईच्या मशीनवर हे फारसे खुपत नाही, कारण तिथे रंग बदलायचा म्हणजे थांबावे लागतेच. खरी अडचण अनेक सुयांवर अ‍ॅप्लिक करताना, म्हणजे एका कापडावर दुसऱ्या कापडाचा आकार शिवताना, येते. आधी जागा दाखवणारी रेघ, मग थांबून वर कापड ठेवायचे, मग ते पकडणारे टाके, कडेचे कापड कातरायला पुन्हा थांबा, शेवटी सॅटिनची, म्हणजे दाट टाक्यांची, कड. दोरा सगळीकडे एकच, थांबे मात्र दोन. पंचरने तिन्ही भागांना एकच रंग दिला तर सॉफ्टवेअर ते जोडून टाकू शकते, आणि मग थांबा गायब. म्हणून जुने पंचर या भागांना मुद्दाम तीन वेगळे, कधी कधी डोळ्यांना खुपतील असे भडक रंग देतात. ऑपरेटर पॅनेलवर तिन्हींना तीच सुई लावतो आणि मशीन आपोआप पुढे पळू नये म्हणून त्या जागी थांब्याची खूण करतो. खोटे रंग पाहून कुणी हसू नये, ते त्या फाइलमधले विरामचिन्ह आहे.

नंतरच्या काही फॉरमॅटांनी रंगाची सोय केली. ब्रदर कंपनीच्या पीईएसमध्ये ठरलेल्या ६४ रंगांच्या यादीतले क्रमांक असतात. उलट मेल्को कंपनीच्या ईएक्सपीमध्ये पुन्हा थांबा आणि रंगबदल यांना एकच खूण. इंक-स्टिच या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये थांब्याची आज्ञा स्वतंत्र देता येते, पण फाइल डीएसटीत साठवली की तिथेही ती रंगबदलाच्याच खुणेत उतरते. त्यामुळे डीएसटीसोबत एक छापील पान पाठवायची रीत अजून टिकून आहे. त्यावर अनुक्रम, दोऱ्याचा क्रमांक आणि कुठल्या थांब्याला कापड ठेवायचे ते लिहिलेले असते. ऑपरेटर ते पान मशीनला चिकटवतो आणि त्याबरहुकूम सुया लावतो.