कोरियातल्या बायका 'हजारो वर्षे' दुय्यमच होत्या का?

वर्षानुवर्षे फिरणारा एक दावा असा: कोरियात कन्फ्यूशियसच्या शिकवणीमुळे हजारो वर्षे स्त्रीला माहेरी हक्क नव्हता, आणि आजही तेच चालू आहे.

यातला कन्फ्यूशियसचा प्रभाव खरा, पण काळ चुकीचा आहे. गोर्यो राजवटीत आणि तिच्यानंतरच्या जोसन राजवटीच्या सुरुवातीला (जोसन राज्य 1392 मध्ये स्थापन झाले) मुलीला भावाइतकाच वाटा मिळे. लग्नानंतर नवरा सासुरवाडीत राहायला जाई आणि मुले कित्येकदा आजोळीच वाढत. याचा पुरावा तपासता येतो. आंदोंगच्या क्वोन घराण्याची 1476 सालची वंशावळ पाहा: मुलगे-मुली जन्मक्रमाने नोंदवलेले, लेकींची मुलेही त्यात. नंतरच्या वंशावळींत मुलगे आधी येतात, मुली मागून. हा बदल मुख्यतः सतराव्या शतकातला. श्राद्धविधी थोरल्या मुलाकडे गेले, आणि त्यांच्यामागोमाग जमीनही. म्हणजे ही 'प्राचीन परंपरा' जेमतेम साडेतीनशे वर्षांची आहे. मला तरी हाच मुद्दा सर्वात महत्त्वाचा वाटतो.

'आजही तेच' हेही टिकत नाही. दक्षिण कोरियात 1991 पासून कायद्याने मुलामुलींचा वारसाहक्क समान झाला. पुरुषाला कुटुंबप्रमुख मानणारी होजू पद्धत 1 जानेवारी 2008 ला संपली. 1990 मध्ये 100 मुलींमागे सुमारे 116 मुलगे जन्मत. आता हे प्रमाण 105 च्या आसपास, म्हणजे नैसर्गिक पातळीवर आहे. कोरियाच्या सरकारी जन्म-आकडेवारीत ते कोणालाही पाहता येते. पगारातली तफावत मात्र विकसित देशांत सर्वात मोठ्यांपैकी आहे, आणि घरकामाचा भार अजूनही बहुतांशी बायकांवरच पडतो.